गाडी कोणाकडे टाकू भो? कंपनीत, गल्लीतल्या मिस्तरीकडे का अजून कुठे

होळी झाली की मला फोन सुरू होतात. चोपड्याचा मामेभाऊ, पाचोऱ्याचे साडू, शिरपूरचा एक दुकानदार, सगळ्यांचा प्रश्न एकच, गाडी सर्व्हिसिंगला टाकायची, कुठे टाकू? कंपनीत टाकली तर लुटतात म्हणे आणि बाहेर टाकली तर वाट लावतात म्हणे. दरवेळी अर्धा तास फोनवर तेच तेच सांगून कान गरम होतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतो, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

आधी सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. माझा धंदा खतं-बियाणांचा, राहतो अमळनेरला. पारोळा, धरणगाव, चोपडा, शिरपूर, कधी शहादा असं फिरणं चालूच असतं, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर कुठेच जात नाही. घरात दोन गाड्या, एक २०१५ ची छोटी डिझेल जी आता पावणेदोन लाखाच्या वर चालली आहे आणि एक नवी पेट्रोल, अजून वॉरंटीत. या दोन गाड्यांच्या पायी जेवढे पैसे चुकीच्या ठिकाणी घातले त्याच्यातून जे शिकलो ते लिहितोय.

मुळात "कुठे टाकू" असं एकच ठिकाण शोधायला गेलं की फसतो माणूस. आपण लग्नात काय करतो, मंडप एकाला देतो, आचारी दुसरा असतो, बॅंड तिसऱ्या गावाचा. बॅंडवाल्याला बट्ट्या भाजायला कोणी बसवत नाही. गाडीचंही तसंच आहे, काम बघून माणूस ठरवायचा. ऑईल बदलणारा वेगळा, एसीवाला वेगळा, अलाइनमेंट वेगळीकडे. फक्त नवी गाडी असेल तर हिशोब थोडा निराळा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गाडी वॉरंटीत असेल तर नियमित सर्व्हिसिंग कंपनीच्या वर्कशॉपलाच करा, यात जास्त डोकं लावू नका. मारुतीने जुलै २०२४ पासून साधी वॉरंटीच ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, त्याआधी ती २ वर्षं किंवा ४०,००० होती, म्हणजे तुमची गाडी कधीची आहे त्यावर ठरतं, पुस्तकात बघून घ्या. सर्व्हिसिंग बहुतेक गाड्यांना दर १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. हे "जे आधी होईल" लोक विसरतात हो. माझ्या ओळखीचे एक सर आहेत, गाडी फक्त रविवारी देवळात आणि वर्षातून चार लग्नांना, वर्षाला तीन हजार किलोमीटर पण चालत नाही, म्हणून दोन वर्षं ऑईलच बदललं नव्हतं. ऑईल डब्यात पडून जुनं होत नाही एवढं ते इंजिनात पडून होतं.

आणि फ्री सर्व्हिसिंग म्हणजे लेबर फ्री, ऑईल-फिल्टरचे पैसे लागतातच, बिल बघून भांडू नका, तो तुम्हाला फसवत नाहीये.

आता "बाहेर हात लावला की वॉरंटी गेली" हे जे काउंटरवर घाबरवतात त्याबद्दल. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता, कारण ओरिजिनल पार्ट आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या. त्याच आदेशात हेही होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण भो, कागदावर आपली बाजू बरोबर असली तरी उद्या गिअरबॉक्सचा क्लेम पडला तर तिथे उभं राहून भांडायला आपल्यालाच लागणार आहे आणि गाडी तोवर उभी. म्हणून वॉरंटीत असताना ऑईल-फिल्टर कंपनीकडेच, शिक्का-बिल सगळं जपून. पंक्चर, टायर, वायपर, बल्ब, धुणं, अलाइनमेंट हे बाहेर केलं तर काही बिघडत नाही. एक मात्र अजिबात करू नका, नवीन गाडी आणली की लगेच कोपऱ्यावरच्या ॲक्सेसरीजवाल्याकडे जाऊन फॉग लॅम्प आणि म्युझिक सिस्टिमसाठी वायर कापायची. वायर कापली की इलेक्ट्रिकलच्या क्लेमला त्यांच्या हातात आयतं कारण. वायर न कापता कपलरला (वायरीच्या प्लगला) कपलर जोडून बसवणारा शोधा नाहीतर राहू द्या.

कंपनीत गेलं तरी डोळे मिटून सही करायची नाही. नव्या गाडीच्या १०,००० च्या सर्व्हिसिंगला मला एस्टिमेट आलं होतं अकरा हजार आठशेचं. वाचलं तर त्यात इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसीचं डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरियर एनरिचमेंट (हे काय असतं मला आजपर्यंत कळलं नाही, सीट पुसून देतात बहुतेक). दहा हजार चाललेल्या इंजिनात फ्लश काय करायचंय? मी गाडीच्या पुस्तकातला मागचा तक्ता उघडला आणि त्या पोराला म्हटलं, दादा, यात जे लिहिलंय तेवढंच कर. बिल साडेपाच हजाराच्या आत आलं. तो पोरगा काही वाईट नव्हता, त्यालाही टार्गेट असतं बिचाऱ्याला. तेव्हा आवाज न चढवता नको म्हणायचं आणि जॉब कार्डावरून (कामांच्या यादीच्या कागदावरून) खोडून घ्यायचं. तोंडी "नको" म्हटलेलं संध्याकाळच्या बिलात परत येतं. तो मेंटेनन्सचा तक्ता फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, सगळ्या वादाचं उत्तर त्यात असतं.

बिलात अजून एक बघायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या पार्टवर जीएसटी १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. कोणी जुन्या छापील किमतीवर २८ च्या हिशोबाने लावत असेल तर विचारा. लेबरवर पण १८ च.

वॉरंटी संपली की खरी परीक्षा सुरू. इथे पहिलं बघायचं की तुमची गाडी किती "कॉमन" आहे. माझ्या जुन्या डिझेलमध्ये ते फियाटचं १.३ लिटरचं इंजिन आहे, तेच मारुतीत डीडीआयएस नावाने आलं, टाटात क्वाड्राजेट नावाने आलं, फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत तर होतंच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा नवा नियम आला तेव्हा मारुतीने डिझेल बंद केलं पण आपल्याकडे ही गाडी नाही असं गाव नाही, त्यामुळे खान्देशातला कुठलाही बरा मिस्तरी झोपेत पण त्याचे नट सांगेल, पार्ट तालुक्याला मिळतो. अशा गाडीला कंपनीत नेऊन दुप्पट लेबर भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पण तुमच्याकडे फोर्ड असेल, ज्यांनी २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, किंवा शेवरोले असेल जी २०१७ नंतर विकलीच नाही, किंवा एखादी जर्मन गाडी हौसेने सेकंडहॅंड घेतली असेल, तर मिस्तरी शोधण्याआधी पार्ट कुठून येतो ते शोधा. "करून देतो साहेब" म्हणणारे खूप मिळतील, गाडी खोलून ठेवतील आणि पार्ट येईपर्यंत तुमची गाडी त्यांच्या दारात कोंबड्यांना सावली देईल. नंदुरबारवाले अशा गाडीसाठी सरळ सुरत गाठतात, चाळीसगाववाले नाशिक किंवा संभाजीनगर, ते बरोबरच आहे.

काही कामं मात्र गाडी जुनी झाली तरी कंपनीकडेच. एअरबॅगचा दिवा लागला, चावी हरवली आणि नवीन कोड करायची, पुढची काच बदलायची आणि काचेमागे कॅमेरा आहे (नवीन गाड्यांत तो कॅमेरा काच बदलल्यावर परत कॅलिब्रेट करावा लागतो), ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काही. आणि रिकॉल. गाडीत कंपनीचाच दोष निघाला तर तो पार्ट फुकट बदलून देतात, गाडी दुसऱ्या मालकाची असली तरी. कंपनीच्या वेबसाईटवर चॅसी नंबर टाकला की कळतं, दोन मिनिटं लागतात, वर्षातून एकदा बघत जा.

आता मिस्तरी कसा ओळखायचा. मोठं काम घेऊन कधीच नवीन माणसाकडे जायचं नाही. आधी छोटं काम द्या, ब्रेक पॅड बदल, ऑईल बदल असं काही, आणि शेजारी स्टूल टाकून बसा. बोलू नका, नुसतं बघा. गाडी आल्या आल्या बोनेट उघडतो का आधी विचारतो, आवाज कधी येतो, थंड असताना का गरम झाल्यावर, वळताना का खड्ड्यात? काढलेले बोल्ट ट्रेमध्ये ठेवतो का मातीत? चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्याने बघतो का पाईप लावून त्यावर उभा राहतो? स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) आहे का, आणि असला तर नुसता कोड खोडून पैसे घेतो का कोड कशामुळे आला ते शोधतो? चुकून काही तुटलं तर सांगतो का लपवतो? हे शेवटचं सगळ्यात मोठं. माझा आत्ताचा मिस्तरी मला तेव्हाच आवडला जेव्हा त्याने क्लिप तुटली म्हणून स्वतः दाखवली आणि तीस रुपयांची क्लिप स्वतःच्या खिशातून लावली.

गॅरेजच्या दारात काय उभं आहे ते पण बघा. भाड्याने चालणाऱ्या गाड्या असतील तर चांगली खूण, कारण त्या ड्रायव्हरची गाडी एक दिवस उभी राहिली की चूल थंड, तो काय फालतू माणसाकडे जाणार नाही. तुमच्याच मॉडेलची टॅक्सी चालवणारा कोणी स्टेशनवर, बसस्टॅंडवर दिसला तर चहा पाजा आणि विचारा. उलट दारात चार गाड्या धूळ खात, चाकातली हवा गेलेल्या, काचेवर पोरांनी बोटाने नावं लिहिलेल्या अशा उभ्या असतील तर मागे फिरा. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही हायवे भेटतात त्यामुळे तिथे गॅरेजांना तोटा नाही, पण त्यातली कितीतरी ट्रकची आहेत, ट्रकचा उस्ताद माणूस कारच्या सेन्सरपुढे गोंधळतो हे पण तितकंच खरं.

आता माझीच फजिती सांगतो म्हणजे कळेल की चुकीच्या माणसाची किंमत किती.

मे महिना, दुपारचे दोन, पारोळ्याहून धुळ्याकडे निघालेलो. ऊन तुम्हाला माहितीच आहे, भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा आमच्याकडे पण काही काश्मीर नसतं. वाटेत रस्त्याचं काम म्हणून गाड्या थांबवलेल्या, तिथे टेम्परेचरचा काटा वर चढला. गाडी हलली की काटा खाली. पुढे परत थांबलो, परत वर. हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये घातली, त्याने बोनेट उघडून मिनिटभर बघितलं आणि निकाल दिला, वॉटर बॉडी (म्हणजे पाणी फिरवणारा वॉटर पंप) गेली. बदलली, कूलंट नवीन टाकलं, पाच हजार चारशे घेतले. आठ दिवसांनी अमळनेरातच रेल्वे फाटकावर थांबलो आणि काटा परत वर. शेवटी एका जुन्या रेडिएटरवाल्या बाबांकडे गेलो. त्यांनी काही खोललं नाही, गाडी चालू ठेवून उभे राहिले, दहा मिनिटं, मग मला विचारलं, "पंखा फिरस का नही, ते कोन्ही दखं का भाऊ?" पंखा फिरतच नव्हता. मोटरचे कार्बन झिजलेले. नऊशे रुपयांत गाडी थंड.

यातला धडा लिहून ठेवा. उभं असताना काटा चढतो आणि चालायला लागलं की उतरतो, तर पहिला संशय पंख्यावर, त्याच्या रिलेवर, फ्यूजवर, कारण चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. पळताना किंवा घाट चढताना चढत असेल तर मग कूलंट कमी आहे का, रेडिएटर चोक आहे का, थर्मोस्टॅट अडकला का, वॉटर बॉडी गेली का हे सगळं. जो मिस्तरी हा प्रश्न न विचारता पार्टचं नाव घेतो त्याला गाडी देऊ नका, एवढं एक लक्षात ठेवलं तरी माझं टायपिंग वसूल. आणि काटा लाल भागाकडे गेला की आधी बाजूला घ्या, बंद करा, गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो. "अजून दहाच किलोमीटर आहे" म्हणून रेटलं तर इंजिनाचं हेड उतरवायचं काम निघतं आणि ते मग हजारात नाही मोजत.

एसीचं पण असंच. आपल्याकडे मार्च लागला की सगळे गॅस भरायला पळतात. गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. जो एसीवाला लिकेज न शोधता सिलिंडर लावून "फुल करून दिला" म्हणतो तो पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक तयार करतोय. नीट करणारा आधी व्हॅक्यूम लावून सिस्टिम रिकामी करतो, मग वजनावर गॅस भरतो, किती ग्रॅम आणि कुठला गॅस (बहुतेक गाड्यांत आर १३४ ए) ते बोनेटखालच्या स्टिकरवर असतं. कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आधी धुवायला सांगा, आमच्याकडे कापसाचे तंतू आणि धूळ बसून त्याची जाळी गोधडीसारखी झालेली असते, कधी कधी नुसतं धुतल्यावरच एसी सुधारतो.

डिझेलवाल्यांसाठी एक. ट्रॅक्टरमुळे आपल्या प्रत्येक तालुक्याला पंप-नोझलवाला आहे, पण कारचं कॉमन रेल इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतं ते) हे त्या जुन्या बाकाचं काम नाही, त्याला वेगळं टेस्ट बेंच लागतं. ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच, जळगाव-धुळ्यापर्यंत जावं लागलं तरी, आणि आधी-नंतरचा रिपोर्ट छापून मागायचा. सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) दर ३ वर्षांनी मान्यताप्राप्त सेंटरवरच करायची, टेस्ट न करता नुसती प्लेट ठोकून देणारा भेटला तर पाया पडून निघून या, मागे पोरं बसतात आपली.

अलाइनमेंट-बॅलन्सिंगला जाण्याआधी गाडी आतून धुवा, म्हणजे रिमच्या आतल्या बाजूने. पावसाळ्यात शेतरस्त्याला गेलं की काळ्या मातीचा चिखल तिथे बसतो, सुकून सिमेंट होतो आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. मी एकदा तो चिखल तसाच ठेवून वर वजनं ठोकून घेतली आहेत, दोन दिवसांनी चिखल पडला आणि थरथर दुप्पट.

मल्टीब्रॅंड (सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारं) वर्कशॉप म्हणून जी चकचकीत नवीन दुकानं झाली त्यांच्याबद्दल विचारतात. बोर्डावर जाऊ नका, आत हात लावणारा कोण आहे ते बघा. काही खरंच छान आहेत, बिल-बिल सगळं देतात.

आता पार्ट. बाजारात मोटामोटी तीन प्रकारचा माल असतो. एक कंपनीच्या डब्यातला, मारुतीचा एमजीपी, ह्युंदाई-कियाचा मोबिस वगैरे. दुसरा, जो कारखाना कंपनीला माल देतो त्याचाच पण स्वतःच्या डब्यात, म्हणजे बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल असे, तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो आणि मला विचाराल तर वॉरंटी संपलेल्या गाडीला हाच घ्यावा. तिसरा लोकल, आणि त्यातलाच एक चोरटा प्रकार म्हणजे कंपनीच्या डब्याची नक्कल. दुकानदार "ओरिजिनलच आहे" सगळ्यालाच म्हणतो. डब्यावर पार्ट नंबर, छापील किंमत, पॅकिंगचा महिना, होलोग्राम बघा, छपाई पुसट किंवा स्पेलिंग गंडलेलं असेल तर ठेवा खाली. आणि ओरिजिनल म्हणून कोणी छापील किमतीच्या निम्म्यात देत असेल तर तो तुमचा मामा नाहीये.

ब्रेक, स्टेअरिंग, बॉल जॉईंट, लोअर आर्म, क्लच, टायमिंग बेल्ट, यात पैसे वाचवायचे नाहीत. मी एकदा लोकल लोअर आर्म टाकला, बाराशे वाचले म्हणून खूश, चार महिन्यांत बुश चिरडून परत तीच ठकठक आणि लेबर दुसऱ्यांदा. वायपर, बल्ब, एसीचा केबिन फिल्टर, मॅटी, चाककप यात लोकल चालतो. एअर फिल्टर मात्र चांगलाच घ्या आणि पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधी बदला, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने आपला यावल-रावेरचा केळीच्या ट्रकमागचा धुरळा बघितलेला नाही.

पार्ट स्वतः आणून मिस्तरीला द्यावा का? द्यावा, पण त्याला आधी सांगून. त्याची कमाई अर्धी पार्टच्या कमिशनवर असते, ते तुम्ही काढून घेतलं आणि लेबर पण घासाघीस करून कमी केलं तर तो मन लावून का काम करेल? मी सरळ सांगतो, पार्ट मी आणतो, लेबर तू म्हणशील ते, दोनशे जास्त घे. चॅसी नंबर दाखवून पार्ट नंबर काढून घ्या, नाहीतर त्याच मॉडेलच्या दोन वर्षांत दोन वेगळे पॅड असतात आणि जळगावच्या दोन चकरा होतात. पण यात एक अडचण आहे, पुढे काही झालं तर मिस्तरी म्हणणार पार्ट खराब, दुकानदार म्हणणार बसवताना चूक. म्हणून क्लचसारखं मोठं काम असेल तर मी पार्ट त्याच्याकडूनच घेतो, बिलासकट, म्हणजे जबाबदारी एकाच्याच गळ्यात.

ऑईल बाहेर बदलत असाल तर पुस्तकात लिहिलेलाच ग्रेड, ५ डब्ल्यू ३० म्हटलं असेल तर तेच, "उन्हाळा आहे, जाड टाका" हा जुन्या जीपांचा हिशोब. सीलबंद डबा तुमच्या समोर फुटला पाहिजे. आणि रिकामा डबा घरी आणा किंवा तिथेच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडा. ते डबे विकत घेणारे फिरतात, परत काय भरून कोणाला विकतात ते समजून घ्या.

टायरला बाजूवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानदार "नवाच" म्हणून दोन-तीन वर्षं गोदामात तापलेला टायर देतो, तो आपल्या उन्हात हायवेवर नको. बॅटरीची पण तारीख बघा, लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते, थंडीत ती फक्त उघडी पडते, मारतो तिला आपला उन्हाळा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथल्या तिथे.

ब्रेक ऑईल तर कोणी विचारतच नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, साधारण २ वर्षांनी बदलायला लागतं. कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना ब्रेक सतत दाबून तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं, तिथे कळून उपयोग नाही. पॅड नवीन असतो साधारण १० मिलिमीटर, ३ वर आला की बदला, मोजून दाखवायला सांगा.

कधी टाकायची हे पण महत्त्वाचं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे आठ दिवस आणि दिवाळीच्या आधीचे आठ दिवस, चांगल्यातला चांगला मिस्तरी पण हात मारून गाडी सोडतो कारण दारात वीस गाड्या आणि प्रत्येकाला लेकीला आणायला जायचंय. फेब्रुवारीत टाका, कूलंट-एसी-पट्टा-टायर सगळं त्याच वेळी बघून घ्या, सकाळी पहिली गाडी तुमची लागली पाहिजे.

गाडी देताना किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो काढायचा, आधीच्या ओरखड्यांचाही. ऑईल फिल्टरवर मार्करने छोटी खूण करून ठेवायची, परत आल्यावर खूण दिसली तर फिल्टर बदललाच नाही. काढलेले जुने पार्ट डिकीत मागायचे. जास्तीचं काही निघालं तर आधी फोन, मग काम, आणि फोटो व्हॉट्सॲपवर. पक्कं बिल घ्या, गाडी विकताना तेच दाखवायला लागतं. एवढं करूनही कंपनीच्या वर्कशॉपने फसवलं असं वाटलं तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझ्या साडूंनी एकदा तिथे तक्रार टाकली, तीन आठवड्यांत वर्कशॉपचा स्वतःहून फोन आला.

आणि पैसे देण्याआधी चक्कर मारायची, एकट्याने नाही, मिस्तरीला शेजारी बसवून. त्याच खड्ड्यातून, त्याच गतिरोधकावरून जिथे आवाज येत होता. एसी चालू, काचा बंद, मग काचा खाली. आवाज आला तर तो त्याच्या कानावर पडला पाहिजे, मग पाना त्याच्याच हातात आहे आणि पाकीट अजून तुमच्या खिशात.